तू हाक मारली नव्हतीस

भाट्ये, २ फेब्रुवारी

पूर्वी,

माझं सगळं बदललं ते त्या माणसाचा जबडा माझ्या मुठीखाली कटकन वाजला तेव्हा नाही. पोलिसांनी मला मानगूट धरून जीपमध्ये कोंबलं तेव्हाही नाही. निवळी फाट्याला एसटी थांबली, सगळी गाडी माझ्यावर मोबाईल रोखून उभी होती, आणि तू पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणालीस, "तुला मी हाक मारली होती का?" बस, तेव्हा. त्यानंतर तू वडापच्या जीपमध्ये बसलीस आणि संगमेश्वरच्या दिशेने गेलीस, आणि मी अजून त्या फाट्यावरच उभा आहे.

तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस म्हणून हे कागदावर. नम्रताच्या हातून पाठवतोय. तुझी मैत्रीण तोंड वाकडं करत होती, पण घेतलंन एकदाचं.

मला कळत नाही, मी काय चूक केली? नेहमीसारखे आपण स्टँडवर वेगवेगळे चढलो. तू पुढे, मी शेवटच्या बाकावर, तुमच्या वाडीतलं कोणी बघेल म्हणून. तो माणूस, लोट्याच्या कारखान्यात शिफ्टला चाललेला, कंपनीचं कार्ड गळ्यात, तुझ्या शेजारी बसला आणि हातखंब्यापासून तुझ्यावर रेलायला लागला. मी मागून बघतोय. त्याचा हात कुठे होता तेही मला दिसलं. गाडीतले बाकीचे खिडकीबाहेर बघत होते, जसं काय बाहेर जत्रा भरली होती. मी नाही बघू शकलो. मी असाच आहे, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

व्हिडिओ तू बघितलाच असशील, अख्ख्या जिल्ह्याने बघितला. त्यात तो काय करत होता ते नाहीच. माझ्या मुठीपासून सुरू होतो. तुझी फक्त पिवळी ओढणी दिसते, तीही अर्धी. फौजदाराने विचारलं, मुलगी कोण? मी म्हटलं, माहीत नाही. तो हसला. "माहीत नाही आणि जबडा फोडलास? समाजसेवक काय?"

तुझं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला पण नाही.

जामीन झाला. कॉलेज मी सोडलं. काढलेलं नाही मला, मीच सोडलं. प्राचार्य म्हणाले, वडिलांना घेऊन ये. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. ठेवून म्हणजे फेकून. जहाजावर जायचं माझं होतं ना, तेही आता लटकलं. अंगावर केस असली की कोण घेणार?

एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

मितेश

*

भाट्ये, १९ फेब्रुवारी

पूर्वी,

नम्रता म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि घडी करून परत तिच्याच हातात दिलंस. बोलली नाहीस काही. ठीक. मी बोलतो.

वकीलकाकांनी दोन गोष्टी सांगितल्यात. पहिली, ती मुलगी उभी कर. तिने सांगितलं की हा माझ्या अंगाला हात लावत होता, तर तुझी मारामारी मारामारी राहत नाही, बचाव होतो. नाहीतर कागदावर काय आहे? एका माथेफिरूने एसटीत सरळमार्गी कामगाराला मारलं. दुसरी गोष्ट, तोपर्यंत काहीतरी बरं काम कर. "जज्जसाहेबांसमोर बरं दिसतं."

म्हणून मी दीपालीताईंच्या वर्गाला जातोय. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये भरतो. रस्त्यात, गाडीत कोणी बाईमाणसाला त्रास देत असेल तर बघणाऱ्याने काय करायचं, ते शिकवतात. म्हणजे मी जे केलं त्याचा क्लास. मला तर पहिल्या बाकावर बसवायला हवं होतं.

ताईंनी विचारलं, "असं दिसलं तर काय कराल?" मी उठून म्हटलं, "कानाखाली." दोनचार पोरांनी टाळ्या वाजवल्या. ठमाबाई, आमच्या इथे मासे विकते ती, पान चघळत म्हणाली, "आणि मग ती पोरगी रडायला कोणाच्या खांद्यावर जाणार? तू तर कोठडीत." हॉल हसून लोळला. माझे कान तापले. मी उठून चाललो होतो, पण हजेरीवर सही करायची राहिली होती. वकिलांना दाखवायची असते.

शिकवतात काय, तर भांडायचंच नाही मुळी. तिच्याजवळ जायचं आणि ओळखीचं असल्यासारखं बोलायचं, काय गो, आई बरी आहे का? त्या माणसाला उगाच विचारायचं, ही गाडी चिपळूणला कितीला पोचते? पिशवी सांडायची. कंडक्टरला सांगायचं. आणि काहीच जमलं नाही तर सगळं झाल्यावर तिच्याजवळ बसायचं, इतकं तरी. शूटिंग केलं तर ते तिचं. तिला विचारल्याशिवाय कुठे टाकायचं नाही.

मला हसू येतं. तो तुझ्या अंगावर रेललेला आणि मी त्याला टाइमटेबल विचारू?

तू काय म्हणतेस? म्हणशीलच ना कधीतरी?

मितेश

*

भाट्ये, ११ मार्च

पूर्वी,

मी मिशी काढली. हसू नकोस. तू हसलीस तर बरंच होईल म्हणा.

शिमगा आलाय, आमच्या वाडीचं नमन बसतंय. खेळ बसवणारे आप्पा, त्यांची गौळण करणारा सदू मुंबईला नोकरीला लागला. अंगाने बारीक मीच उरलो. आप्पा म्हणाले, "तुझ्यावर केस आहे, लोक तसेही तुलाच बघायला येतील." दीपालीताईंनी हेच धरलं. नमनात गौळणी दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि पेंद्या वाट अडवतो, हे तुमच्याकडेही असतं. पदर ओढतो, दाण, म्हणजे वाटेची जकात, मागतो, मावशी भांडते, लोक हसून हसून लवतात. ताई म्हणाल्या, इथेच मृदंग थांबवायचा आणि लोकांना विचारायचं, आता कोण उठणार?

आप्पा चिडले. "ताई, गौळणीत वाट अडवायचीच असते. देवानं अडवलीन."

"तो देव होता. बाबल्या देव आहे का?"

बाबल्या म्हणाला, "मी तर पेंद्या हाय. मला कशाला मध्ये घेता?"

झालं, तयार झाले एकदाचे. आता रोज तालमीत बाबल्या माझी वाट अडवतो. मी डावीकडे गेलो की डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. डोक्यावर कळशी, पायात साडी घोटाळते. मागे वळलो की मागे. मित्र आहे माझा, लहानपणापासूनचा, तरी तिसऱ्या दिवशी मला त्याचा वास नकोसा झाला.

काल ताईंनी मला विचारलं, "मितेश, मदतीला कोणी येण्याआधी ही गौळण काय करत असते? नुसती उभी असते का?"

मला तू दिसलीस.

तू नुसती बसली नव्हतीस. तू बॅग तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवलीस. मग पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या खांद्याला हात लावून काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही, पण म्हातारीने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि सरकली. जागा केली तिने तुला. तू अर्धी उठली होतीस, पूर्वी. एक पाऊल टाकलं असतंस की तू तिकडे आणि तो इकडे एकटा.

ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि तेव्हा मी उठलो. तू त्या म्हातारीजवळ जाऊन बसली असतीस तर मला करायला काही उरलंच नसतं.

हे मी पोलिसांना नाही सांगितलं. वकिलांनाही नाही. तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी लिहिलं.

मितेश

*

भाट्ये, २४ मार्च

पूर्वी,

खेळ झाला. वाडीच्या मांडाच्या अंगणात, संध्याकाळी. मुंबईचे चाकरमानी अजून परतले नव्हते, गर्दी होती.

मृदंग थांबायच्या आधीच ते झालं. मी कळशी घेऊन लोकांमधून रिंगणात चाललो होतो, आणि धोंडू, दारू पिऊन पुढे बसलेला, त्याने मागून कमरेला हात घातलान. गंमत म्हणून नाही. मला कळलं. मी ओरडलो, "ए, सोड!" लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, खेळातलंच आहे. मी परत ओरडलो, ते आणखी हसले. बाबल्या समोर उभा राहून हसतोय. आप्पा झांज धरून हसतायत. आमचे बाबा पण.

मी, पूर्वी. ज्याने एका बुक्कीत जबडा मोडला. माझा हात उठला नाही. का, ते मी तेव्हापासून शोधतोय. हातात कळशी होती, डोक्यावर पदर होता, आणि मनात आलं की आता मारलं तर सगळे माझ्याकडे बघतील. आत्तासुद्धा बघतच होते, पण वेगळे बघतील. ते नको वाटलं. मारणं नको, ओरडणं नको, नुसतं इथून बाजूला व्हायचं होतं.

ठमाबाई उठली. कमरेवर हात ठेवून, "धोंडू, मेल्या, तुझी म्हस माझ्या परड्यात शिरली. सगळी लाल भाजी खाल्लीन. चल आधी, काढ तिला." धोंडूची म्हैस त्याने गेल्या वर्षीच विकलीय. पण दारूत त्याला ते सुचलं नाही. गेला उठून तिच्या मागून, म्हैस शोधायला.

खेळ पुढे झाला. लोक उठले, बोलले, कोणी म्हणालं एसटीत असलं तर कंडक्टरला सांगू, कोणी म्हणालं मध्ये जाऊन बसू. ताई खूश.

नंतर मी विहिरीकडे साडी सोडत होतो तर ठमाबाई आली. कट्ट्यावर बसली. "बाय, बरी हायस ना?" म्हणाली, आधी चेष्टेने. मग माझ्या तोंडाकडे बघून चेष्टा सोडलीन. "काय करू तुझ्यासाठी? पाणी देऊ? का जाऊ इथून?"

का जाऊ इथून. हेही विचारलं तिने.

मला रडू फुटलं. मी तुला यातलं काही विचारलं नाही. रक्ताळलेली मूठ घेऊन मी तुझ्याकडे बघत होतो, तू आता माझ्याकडे कौतुकाने बघशील म्हणून वाट बघत होतो.

मितेश

*

भाट्ये, ६ एप्रिल

पूर्वी,

तारीख पडलीय, २१ ला. त्या दिवशी कोर्टात विचारणार, गुन्हा कबूल आहे का. त्याआधी वकीलकाकांना नाव पाहिजे. घरात दुसरा विषय नाही. बाबा मिरकरवाड्याहून बोटीवरून आले की आंघोळ करायच्या आधी विचारतात, सांगितलंस का? काल म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढली. तू मोठ्या जहाजावर जाशील म्हणून ओढली. एका पोरीचं नाव तोंडातून निघत नाही तुझ्या?" आई जेवत नाही. म्हणते, "तिच्या पाया पडीन रे मी. सांग फक्त कुठल्या गावची. तिला काय शिक्षा होणाराय? खरं तेवढं बोलायचं."

बोलायचं तेवढंच, हे खरंय. आणि तुझ्या घरी त्याचं काय होईल तेही मला माहीत आहे. तुझे वडील मुंबईहून पहिल्या गाडीने येतील. तुझं शिक्षण बंद. "एसटीत काय झालं होतं हिला" हे तुझ्या कपाळावर, आणि शिवाय "तो कोण होता हिचा?" नम्रताने मला हे सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच ओरडलो. पण कळलं.

खरं सांगतो, परवा मी वकिलांच्या खोलीत "पू" इथपर्यंत आलो होतो. काका पेन उघडून बसलेले. मग खोकला आल्यासारखं केलं आणि पाणी मागितलं.

आणि काल काय केलं तेही लिहितो, नम्रताकडून तुला कळायच्या आधी. नाही, तुला माहीतच आहे. तू मला बघितलंस.

मी संगमेश्वरला आलो होतो. स्टँडवर. तू कुठल्या गाडीने उतरतेस हे मला ठाऊक. म्हटलं, समोरासमोर विचारतो, एकदाच. तू उतरलीस, मी दिसलो. तू थांबलीस. मी पुढे आलो तशी तू वळलीस आणि सरळ फलाटावरच्या बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिलीस. मी "पूर्वी" म्हणून हाक मारली. मोठ्याने मारली. तू खाली बघितलंस. मी आणखी जवळ आलो. आणि एक बाई, मी तिला ओळखत नाही, तूही ओळखत नसशील, डोक्यावरचं बोचकं तसंच सावरत आपल्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तुला विचारते, "काय गो बाय, देवरुखची गाडी गेली काय?" विचारते तुला आणि बघते माझ्याकडे.

पूर्वी, हे तर आम्ही शिकवतो. मी स्वतः शिकवतो. गेल्या आठवड्यात ताई आम्हाला पावस गावच्या बाजारात घेऊन गेल्या, तिथे मीच पोरांना सांगत होतो, असं मध्ये जायचं, असं बोलायचं.

त्या बाईने मला बरोबर ओळखलं. मी लोट्याच्या त्या माणसाच्या जागी उभा होतो. आणि ही पत्रं? नम्रताच्या हातून, तू नको म्हणून परत देतेस तरी दुसरं, तिसरं, चौथं? बाबल्या डावीकडून उजवीकडे फिरतो, तसाच मी.

मी मिळाली त्या गाडीने परत आलो. रस्ताभर उभा होतो, बसायला जागा होती तरी.

आता एकदाच विचारतो. हे मी निवळीच्या आधी विचारायला हवं होतं. तुला काय हवंय? मला काय हवंय ते बाजूला ठेव. मला तू हवीस, जहाज हवंय, केस जायला हवी, सगळंच हवंय, ते राहू दे. तू सांगशील तसं करीन. नम्रताजवळ नुसतं हो किंवा नाही म्हणालीस तरी चालेल. पण आठवडाभरात सांग. मी इथे वेडा होतोय. परवा आरशावर डोकं आपटलं, आईने हळद लावली, मी सांगितलं दाराची चौकट लागली.

मितेश

*

भाट्ये, २१ एप्रिल, सकाळ

पूर्वी,

हे मी कुणाकडे देणार नाही. तरी तुझ्या नावानेच लिहितोय, दुसऱ्या कुणाला लिहायची सवयच राहिली नाही.

नम्रता शनिवारी आली होती. आमच्या माडांत उभी राहून बोलली, घरात आली नाही. तुझे शब्द जसेच्या तसे सांगते म्हणाली, आणि पाठ केल्यासारखे सांगितलेन.

"माझं नाव घ्यायचं नाही. त्या माणसाची तक्रार करायची झाली तर मी माझी करीन, माझ्या वेळेला, माझ्यासाठी. मितेशला सोडवायला नाही. आणि पत्रं नकोत."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही."

"रडत होती?"

"मितेश, नाही. तिचा प्रयोगवहीचा शेवटचा दिवस होता, ती आकृत्या काढत होती."

मी दोन दिवस तेवढंच धरून बसलोय. तू आकृत्या काढत होतीस. म्हणजे कॉलेज चालू आहे. म्हणजे कुणाला काही कळलेलं नाही.

पहिल्या रात्री मी काय काय नाही बोललो तुला, भिंतीकडे तोंड करून. तुझ्यासाठी मी सगळं घालवलं आणि तू आकृत्या काढतेस. ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर पुळणीतून चालत राहिलो, सुरूच्या झाडांपासून खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत. असं वाटलं, तसंच पाण्यात चालत जावं. मग एक कुत्रा मागे लागला आणि काही केल्या जाईना. त्याला घरी आणून भात घातला. तो अजून पडवीत आहे.

दीपालीताईंना मी सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. म्हटलं, मी आता काय करू? त्या म्हणाल्या, "तू तिला विचारलंस. तिने उत्तर दिलं. आता तुला ते आवडलं नाही म्हणून परत विचारणार आहेस का?" मी म्हटलं, मी तुरुंगात जाईन. त्या म्हणाल्या, "जाशीलही. ते मी तुला खोटं नाही सांगणार." दुसरा चांगला वकील बघून देते म्हणाल्या. सही केलेली हजेरी पण दिली. मी ती घेतली नाही. त्या हजेरीसाठी गेलो नव्हतो असं मला म्हणायचं होतं, पण गेलो तर तिच्यासाठीच होतो, सुरुवातीला.

कोर्टात विचारतील, गुन्हा कबूल आहे का. मी हो म्हणणार. मारलं, मीच मारलं. का, म्हणून विचारलं तर सांगेन, तो गाडीत एका मुलीला त्रास देत होता. ती कोण, म्हणून विचारलं तर सांगेन, ते सांगायचं की नाही हे तिचं आहे, माझं नाही. हसतील. हसू देत. वकीलकाकांना अजून बोललो नाही. रिक्षात सांगेन, म्हणजे त्यांना उतरता येणार नाही.

जहाज गेलं. ते मी आता लिहून टाकतो, म्हणजे परत परत मनात यायचं नाही. गेलं.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी का थांबलो नाही, त्या दिवशी. मीच स्वतःला विचारतो, आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं, आणि त्यातलं एकही मला बरं दाखवत नाही. तुझ्यावरचं प्रेम त्यात आहे की नाही हेसुद्धा आता ठामपणे सांगता येत नाही. आहे. आहे ना. पण ते घेऊन काय करायचं ते मला शिकवलेलं नाही कुणी, आणि तुला ते शिकवायला लावायचं नाही मला.

बाबा पुढे गेलेत, रिक्षा बघायला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. आई देवाजवळ बसलीय. मघाशी विचारलंन, "सांगशील ना रे आज?" तिला वाटतंय, नाव. मी म्हटलं, "सांगणार आहे." खोटं नाही ते. तिने माझ्या हातावर साखर ठेवली, मी खाल्ली, आणि ती आता तिकडे निरांजन लावतेय. तोंडाने देवाला काहीबाही कबूल करतेय, ऐकू येतंय मला. नारळ कबूल करतेय.

रिक्षा आली.

आई अजून पाठमोरी आहे तोवर निघायला हवं. वळली तर माझ्या तोंडावरून ओळखेल. कुत्र्याला आवाज न करता बाजूला करतो. चपला हातात घेतो. हे कागद खिशात कोंबतो, आणि मागचं दार हळू ओढून घेतो, कडी वाजणार नाही असं.